भावसिंगचा ट्रंपेट

श्रावण मास्तरचा या जगात एकाच माणसावर भरवसा होता, आणि तो म्हणजे श्रावण मास्तर. तोही पुरता नव्हताच म्हणा. संध्याकाळी दुकानाला कुलूप लावून चार पावलं गेला की परत यायचा, कुलूप ओढून पाहायचा, मगच घराकडे निघायचा. दुकानात होतं काय, तर लोकांचे बिघडलेले कुकर आणि गॅसच्या शेगड्या. कोणी नेलं असतं तरी दुरुस्तीला परत त्याच्याकडेच आणावं लागलं असतं. पण हे त्याला कोणी सांगायचं?

कुकर-शेगड्या हा झाला पोटाचा धंदा. खरा मास्तर पाहायचा तर लग्नसराईत. लाल कोट, खांद्यावर सोनेरी झालर, हातात ट्रंपेट आणि मागे घाटंजीच्या नवतारा ब्रास बँडची अठरा माणसं. राळेगावपासून केळापूरपर्यंत कोणाच्या दारात मांडव पडला की ‘डीजे सांगायचा का मास्तरले?’ यावर घरात एकदा तरी भांडण व्हायचं. बहुतेक वेळा डीजेच जिंकायचा, खोटं कशाला बोला. पण म्हाताऱ्या माणसांच्या हट्टापायी मास्तरचा सिझन अजून निघत होता.

संशयाचा रोग त्याला हवेतून लागला नव्हता. काही वर्षांमागे त्याचा क्लॅरोनेटवाला ऐन वैशाखात, नवरदेव घोड्यावर बसलेला असताना, दुसऱ्या बँड पार्टीत निघून गेला. त्या वरातीत मास्तरची जी फजिती झाली ती तो विसरला नाही. दुधानं तोंड पोळलेला माणूस ताक फुंकून पितो म्हणतात. आपला मास्तर पाणीही फुंकून प्यायला लागला. तालमीत कोणाचा फोन वाजला की हा विचारणार, कोणाचा होता. कोणी नवी चप्पल घातली की हा मनात म्हणणार, कोणी घेऊन दिली असंल. जेवायला बसतानासुद्धा ट्रंपेटचा माउथपीस काढून खिशात. त्याची बायको कांताबाई हसायची. म्हणायची, स्वभावाला औषध नसतं हे खरं, पण यांच्या स्वभावाला तर डॉक्टरच नाही.

भावसिंग राठोडवर मात्र त्यानं कधी संशय घेतला नव्हता. घ्यायचं सुचलंच नाही. आपल्या सावलीवर कोण संशय घेतो? भावसिंग गावाबाहेरच्या तांड्यावरचा. दोघांच्या मिशा बँडमध्येच फुटल्या. मास्तर पहिल्या ट्रंपेटवर, भावसिंग दुसऱ्यावर. आता वरातीतला दुसरा ट्रंपेट म्हणजे काय काम असतं, हे ज्यानं बँड जवळून पाहिला नाही त्याला कळायचं नाही. गाण्याची चाल वाजवणार पहिला. पण वाजवणारा माणूसच ना? चालत चालत, धूळ खात, घोड्यापुढं वाजवताना त्याचा दम तुटतो. तो दम घेईस्तोवर चाल उचलून धरायची, आणि पहिल्यानं पुन्हा ओठ लावले की त्याच क्षणी सोडून द्यायची. लोकांना कळता कामा नये की मधले दोन सूर दुसऱ्याचे होते. भावसिंग हे काम इतकं बेमालूम करायचा की मास्तरला स्वतःलाही कळत नसे. त्याला वाटायचं, आपला दम फार लांब आहे.

तर या भावसिंगबद्दल दिवाळीच्या आधी एक गोष्ट कानावर आली. हार्डवेअरच्या दुकानात मास्तर कुकरचे स्क्रू घ्यायला गेला होता. दुकानदार विठ्ठलराव हा गावातला दुसरा बँड; ऐकलेलं वाजवल्याशिवाय राहायचा नाही. तो सहज बोलून गेला की तुमच्या भावसिंगनं काल मोरी तुंबली की दाबायची ती लाल रबरी वाटी नेली. आणि गंमत म्हणजे दांडी काढून मागितली. नुसती वाटी.

मास्तरच्या मनात पाल चुकचुकली. भावसिंगच्या घरी तुंबायला मोरीच नाही. न्हाणीचं पाणी सरळ परसातल्या केळीला जातं. मास्तरनं स्वतः पाहिलेलं. मग वाटी कायले? आणि दांडी नको, नुसती वाटी?

घरी आल्यावर त्यानं कांताबाईला सांगितलं. ती भुईमुगाच्या शेंगा सोलत होती. ती म्हणाली, असंल काही काम, माणसाच्या घरात काय कमी कामं असतात. पण मास्तर ऐकतो होय! त्याला आता जिकडेतिकडे दिसायला लागलं. भावसिंग तालीम संपली की लगेच उठतो. पूर्वी बिडी ओढत बसायचा. आताचा क्लॅरोनेटवाला, सॅक्सोफोनवाला आणि युफोनियमवाला त्याच्यामागोमाग उठतात. आणि चौथा कोण, तर अश्वजित. साइड ड्रमवाला, मास्तरचा सख्खा पुतण्या. मंगळवारी बँडची तालीम बंद असते. त्या दिवशी हे पाचही जण दुपारनंतर गावात दिसत नाहीत. बँडमधले पाच चांगले वाजवणारे निवडा म्हटलं असतं तर मास्तरनं हेच पाच निवडले असते. बाकी तेरा म्हणजे ढोल, झांजा आणि भरतीची माणसं. पाच गेले की नवतारा बँड संपला. डीजेनं नाही मारलं ते घरच्यांनी मारलं असं होणार, आणि तेही तुळशीचं लग्न तोंडावर असताना.

त्यानं अश्वजितला आडून विचारलं, मंगळवारी कुठे असतोस बे? अश्वजित मान खाली घालून म्हणाला की काही नाही काका, बसतो असाच. ‘असाच’ म्हटलं की मास्तरचा संशय दुप्पट व्हायचा.

मग आला तो फोनचा प्रकार. तालमीच्या खोलीत भावसिंगचा मोबाइल ढोलावर पडला होता आणि पडद्यावर चित्र होतं. मास्तरनं वाकून पाहिलं. निळसर चित्र, त्यात एकसारखे कोट घातलेली माणसं, ओळीमागे ओळ, प्रत्येकाच्या हातात बाजा. पुढे ट्रंपेट, मागे ट्रंपेट, बाजूला सॅक्सोफोन. चेहरे नीट दिसत नव्हते पण कोट दिसत होते, आणि कोटांची शिलाई पाहून मास्तर आणखी वाकला. अशी पार्टी जिल्ह्यात नाही. वर इंग्रजीत नाव. मास्तर इंग्रजी अक्षरं जोडून जोडून वाचायचा. दोन जुळली तेवढ्यात पडदा विझला.

झालं! पैनगंगेपलीकडची पार्टी असणार. तिकडे सिझनला पैसा जास्त, लग्नंही मोठी. आपल्या पाच माणसांना त्यांनी फोडलं. कोटांचं माप देऊन झालं असंल.

त्या मंगळवारी तो सायकल घेऊन तांड्याच्या वाटेला लागला. थेट घरी नाही गेला. पाठीमागच्या तुरीच्या वावराजवळ सायकल आडवी टाकली आणि बांधावर उकिडवा बसला. भावसिंगच्या घरातून वाजण्याचा आवाज येत होता. पण कसा? ट्रंपेटवर कोणी उशी दाबून धरावी तसा. वाँऽऽ वाँऽऽ करत, मांजरीसारखा. आणि चाल? ना सिनेमाची, ना भीमजयंतीची, ना तांड्यावरच्या होळीची. सरळ जाता जाता मध्येच वळायची. वरातीत असं वाजवलं तर नाचणारी पोट्टी एकमेकांवर आदळून पडतील.

मास्तरला रबरी वाटीचा उलगडा झाला. वाटी ट्रंपेटच्या तोंडावर धरून आवाज दाबतात. का दाबतात? मास्तरनं ऐकू नये म्हणून. परक्या पार्टीचा नवा माल आहे, तो चोरून पाठ करून राहिले. त्याला इतका राग आला की बांधावरची चार ढेकळं त्यानं मुठीतच कुस्करली.

तो आत गेला असता आणि विचारलं असतं तर ही गोष्ट तिथंच संपली असती. पण विचारायचं म्हणजे समोरचा हो म्हणेल याची तयारी ठेवावी लागते. मास्तर राग सहन करू शकत होता, भावसिंगचं ‘हो’ त्याला सहन झालं नसतं. म्हणून तो सायकल उचलून चुपचाप परत आला. रात्री जेवला नाही. कांताबाईनं खोदून विचारलं तेव्हा सगळं ओकला. ती ऐकून घेऊन म्हणाली की सकाळी जा आणि त्याले तोंडावर विचारा, एवढ्या वर्षांचा माणूस आहे. मास्तर म्हणाला, चोराले का कोणी विचारून पकडते?

सकाळी त्यानं एसटी धरली ती पांढरकवड्याची. तिथल्या एका मोडलेल्या बँडमधला रोशन नावाचा ट्रंपेटवाला त्याला ठाऊक होता. तरणा माणूस, छाती भक्कम, सध्या रंगकाम करत होता. मास्तरनं त्याला आपल्या बँडमध्ये दुसऱ्या ट्रंपेटची जागा कबूल केली. त्यांनी मला सोडायच्या आधी मीच त्यांना सोडतो, असा हिशोब. रोशन बिचारा खूश झाला. मास्तरच्या पाया पडला.

आता कोट. बँडमधले सगळे कोट मास्तरच्या घरी लोखंडी पेटीत असायचे. त्यातला भावसिंगचा त्यानं काढला. भावसिंग उंच, रोशन आखूड. कोटाच्या बाह्या कमी कराव्या लागणार होत्या. मास्तरनं कोट कांताबाईसमोर ठेवला. तिनं त्याच्याकडे पाहिलं आणि कात्री उचलून फळीवर ठेवून दिली.

“मी नाही कापत ही बाही. तुमाले कापाची असंल तर कापा,” ती म्हणाली. “पण एकडाव त्याले विचारल्याबिगर कापान तर पस्तावान.”

मास्तरनं कोट बगलेत मारला आणि बाजारातल्या शिंप्याकडे टाकला. शिंप्यानं विचारलं, भावसिंग आखूड झाला का? मास्तरनं बाही किती कमी करायची ते बोटानं दाखवलं. दोन दिवसांत कोट तयार झाला. झालर तीच, बटणं तीच, बाह्या तेवढ्या कमी. मास्तरनं तो पेटीत ठेवला आणि त्याला वाटलं आता आपण सुरक्षित आहोत. पण छाती हलकी झाली नाही ती नाहीच. तालमीत भावसिंग नेहमीसारखा बाजूला उभा राहायचा, नेहमीसारखा चाल उचलायचा, आणि मास्तर मनात म्हणायचा, काय नाटकी माणूस आहे बाप्पा!

सिझनची पहिली सुपारी राळेगावची होती. त्याच्या आधीचा शेवटचा मंगळवार आला. मास्तरनं ठरवलं, आज रंगेहाथ पकडायचं. चार लोकांत त्यांची चोरी उघडी पाडायची आणि मग रोशनला पुढे करायचं. दुपारी तो तांड्यावर पोचला. कापूस वेचणीचे दिवस, तांड्यात चिटपाखरू नव्हतं. भावसिंगच्या दाराशी पाच जोडी चपला होत्या. मास्तर दारापर्यंत गेला आणि थांबला.

आतून ट्रंपेट वाजत होता. आज दाबलेला नव्हता, मोकळा होता. एकच. मागे साइड ड्रमवर कोणीतरी काड्या न आपटता नुसतं घासत होतं. ट्रंपेट हळू सुरू झाला, बोलल्यासारखा. मग वर चढला, आणि वर गेल्यावर घाई न करता तिथं थांबला. मास्तरनं उभ्या जन्मात एवढा लांब दम ऐकला नव्हता. सूर संपत आला असं वाटावं तर तिथूनच नवा निघत होता. मास्तरच्या अंगावर काटा आला. आणि लगेच दुसरा विचार आला, तो त्याच्या स्वभावाप्रमाणे. म्हणजे त्यांनी बाहेरून मास्तरही आणला! परक्या पार्टीचा पहिला ट्रंपेट आत बसला आहे. असा वाजवणारा असल्यावर आपल्याला कोण विचारतो? त्याला हेवा वाटला, भीती वाटली, आणि खरं सांगायचं तर ऐकतच राहावंसं वाटलं. वाजणं थांबेपर्यंत तो हलला नाही. मग त्यानं खिडकीतून डोकावलं, तो परका माणूस कसा दिसतो ते पाहायला.

आत परका कोणीच नव्हता. क्लॅरोनेटवाला, सॅक्सोफोनवाला, युफोनियमवाला सतरंजीवर हात बांधून बसले होते. अश्वजितच्या मांडीशी ड्रम होता. आणि मधल्या खुर्चीवर डोळे मिटून, ट्रंपेट मांडीवर ठेवून, घाम पुसत भावसिंग बसला होता.

मास्तर आत गेला तसे सगळे उठून उभे राहिले. अश्वजितचं तोंड उतरलं. चार लोकांत काय काय बोलायचं ते मास्तरनं वाटेनं घोकलं होतं, त्यातलं एकच वाक्य उरलं.

“कोणत्या पार्टीत चालले तुमी?”

“कोणत्याच नाही, मास्तर,” भावसिंग म्हणाला आणि त्यानं आपली खुर्ची पुढे सरकवली. “बसा.”

मग भावसिंगनं सगळं सांगितलं. त्याचा मुलगा अमर नागपुरात टूरिस्ट गाडी चालवतो. एका पाहुण्यानं वाटभर गाडीत काही गाणी लावली होती, नुसत्या बाज्यांची. अमरला बापाची आठवण आली. त्यानं नावं विचारून घेतली आणि दसऱ्याला येताना बापाच्या मोबाइलमध्ये भरून आणली. सुटी गाणी नव्हेत, एकेक अख्खा अल्बम, चित्रासकट. त्याला जॅझ म्हणतात. काही अल्बम मोठ्या बँडचे आहेत, आपल्याएवढीच माणसं, आपल्यासारखेच कोट. काही छोटे आहेत, चार-पाच जणांचे. भावसिंगनं एक मोठा लावून दाखवला. सगळे ट्रंपेट एका दमात उठले, सॅक्सोफोननं खालून उत्तर दिलं. मास्तरचा पाय नकळत हलला. त्यानं विचारलं, हे कोणाच्या लग्नातलं हाय?

भावसिंग हसला. म्हणाला, कोणाच्याच नाही, हे नुसतं बसून ऐकायचं असतं. मग त्यानं छोटा अल्बम लावला. त्यात एक जण चाल वाजवत होता, मग तो गप्प व्हायचा आणि दुसरा पुढे यायचा, मग तिसरा. प्रत्येकाची पाळी. एकाची पाळी असली की बाकीचे त्याला जपून घ्यायचे, कोणी मध्ये तोंड घालायचं नाही. त्यातलाच एक जण ट्रंपेटवर रबरी वाटी धरून वाजवत होता, वाँऽऽ वाँऽऽ. म्हणून ती वाटी. मंगळवारी हे पाच जण तेच करून पाहत होते. येत नव्हतं त्यांच्यासारखं, पण करमत होतं.

मास्तरच्या छातीवरचा दगड उतरला, पण दुसरा चढला. “मंग मले काहून नाही सांगतलं?” त्यानं विचारलं.

अश्वजितच बोलला, खाली पाहत. “काका, तुमी असले का कोणाची पाळीच येत नाही.”

मास्तरनं भावसिंगकडे पाहिलं. तो नाही म्हणेल असं त्याला वाटलं. भावसिंग ट्रंपेट पुसत राहिला. आणि मास्तरला कळलं की अख्ख्या आयुष्यात या माणसानं त्याच्याशेजारी उभं राहून एक गाणं सुरुवातीपासून शेवटपर्यंत वाजवलेलं नाही. वाजवू दिलेलं नाही. त्याला लाज वाटली, आणि लाज वाटली तेव्हाच कोट आठवला.

“भावसिंग,” तो म्हणाला, “माया हातून एक गोष्ट झाली.”

“कोटाची ना? माहीत हाय. शिंप्यानं मलेही विचारलं, आखूड झाला का म्हणून.”

“मंग बोलला काहून नाही?”

“मले वाटलं तुमी येऊन सांगान. रोज तालमीत वाट पाह्यली, आज सांगतील, उद्या सांगतील.” त्याचा आवाज चढला नाही, पण ट्रंपेट पुसणारा हात थांबला. “मी कुठीच जानार नोतो, मास्तर. सिझन सोडून जाचं माया मनातही नोतं. मंगळवारचा एक तास होता माया, बस.”

मास्तर घाईघाईनं म्हणाला की उद्या रोशनला नाही म्हणतो, बाह्या पुन्हा लांब करून देतो, नवाच शिवतो. त्यानं भावसिंगचा हात धरला. बँडमध्ये त्यानं कोणाचा हात असा कधी धरला नव्हता.

“नका,” भावसिंग म्हणाला. “त्या रोशनले तोंडघशी नका पाडू, त्याचा काय दोष? त्याले वाजवू द्या. हे चौघं येतील तुमच्यासंग, त्याईच्या पोटाचा सवाल हाय. मी नाही येत. मले आता नुसतं तुमच्या दमापुरतं वाजवनं होनार नाही.”

रागावून म्हणाला असता तर मास्तर भांडला असता. भांडायचं त्याला येत होतं. पण भावसिंगनं अश्वजितला चहा ठेवायला सांगितला, कप मास्तरच्या हातात दिला, तुरीला यंदा शेंगा बऱ्या आहेत असं काहीबाही बोलला. चहा संपला. मास्तर उठला. आजवर ज्याची भीती घेऊन तो जगला ते घडलं होतं, आणि त्याच्या दारात कोणी परकी पार्टी आली नव्हती. त्यानंच एसटीचं तिकीट काढून, शिंप्याकडे कोट टाकून ते घडवून आणलं होतं.

घरी आला तेव्हा कांताबाई अंगणात होती. त्याचा चेहरा पाहून तिनं सायकल स्वतः धरली. मग न राहवून विचारलं की सापडले का चोर, कोणाला आणलं होतं बाहेरून.

“कोणाले नाही. भावसिंगच होता. वाजवत होता.”

“त्यात काय नवीन? तो तर वाजवतेच.”

मास्तर ओट्यावर बसला. “तसं नाही वं कांता,” तो म्हणाला, आणि त्याचे डोळे भरून आले. “मी त्याले आज ऐकलं.”